टंचाईचा फोटो काढताना
भेगाळलेली जमीन शक्यतो टाळा. तलावातला उघडा पडलेला गाळ बऱ्या पावसाच्या वर्षीही उन्हाळ्यात तडकतो, त्यावरून दुष्काळ कळत नाही. त्यापेक्षा दारापुढचे निळे ड्रम, त्यांना लावलेली कुलुपं, टँकर विहिरीत रिता होताना कठड्यावरून सुटलेले दोर टिपा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, वाघिणींचे फोटो पुष्कळ निघाले. पण ते पाणी घरात कसं पुरवून वापरतात, हे मोरीपाशी उभं राहिल्यावरच दिसतं. एकच विहीर मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून, त्याच लेन्सने काढा. तारीख, गाव, टँकर शेवटचा कधी आला, हे तिथेच लिहून घ्या. परवानगी आधी विचारा. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला मात्र थांबवू नका.