संयुग्मी जोडीतील तीव्रता: आम्ल-आम्लारींची तुलना करताना या चुका टाळा

पुण्यात बारावीच्या विद्यार्थ्यांच्या रसायनशास्त्राच्या वह्या तपासताना, आयनिक समतोलाच्या प्रकरणात एक वाक्य मला दरवर्षी दिसते: ‘ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, म्हणून ॲसेटेट हा तीव्र आम्लारी आहे.’ या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि पुढची अनेक उदाहरणे याच एका वाक्यामुळे बिघडतात.

आम्लाने एक प्रोटॉन (हायड्रोजन आयन) दिल्यावर जे उरते, तो त्याचा संयुग्मी आम्लारी; ॲसेटिक आम्लाचा तो ॲसेटेट. नियम असा आहे की आम्ल जितके अधिक तीव्र, तितका त्याचा संयुग्मी आम्लारी अधिक दुर्बळ. हे विधान तुलनेचे आहे. एका बाजूला ‘सौम्य’ लिहिले की दुसऱ्या बाजूला ‘तीव्र’ लिहावे, असे ते सांगत नाही. पीकेए हा आम्लाची आणि पीकेबी हा आम्लारीची तीव्रता दाखवणारा आकडा; तो जितका लहान, तितकी तीव्रता जास्त. २५ अंश सेल्सिअसला जलीय द्रावणात आम्लाचा पीकेए आणि त्याच्या संयुग्मी आम्लारीचा पीकेबी यांची बेरीज १४ येते. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६ असल्यामुळे ॲसेटेटचा पीकेबी ९.२४ होतो, आणि अमोनियासारख्या सौम्य आम्लारीचाही पीकेबी ४.७५ असतो हे लक्षात घेतले, तर ॲसेटेट किती दुर्बळ आहे ते कळते. ०.१ मोलर सोडियम ॲसेटेटच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.९ भरतो, तर तेवढ्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडचा सुमारे १३. म्हणजे सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी बहुधा सौम्यच असतो. ॲसेटेट क्लोराइडपेक्षा मात्र निश्चितच तीव्र आहे, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरित होते (आयनांमध्ये सुटे होते) आणि क्लोराइड आयन पाण्याकडून प्रोटॉन परत घेत नाही. मिठाचे द्रावण उदासीन असते ते याच कारणाने. पाण्यात खऱ्या अर्थाने तीव्र ठरणारे आम्लारी पाण्याहूनही दुर्बळ असलेल्या आम्लांपासून येतात. अमोनियाने प्रोटॉन गमावल्यावर उरणारा अमाइड आयन हे त्याचे उदाहरण असून, तो पाण्यात पडताच पाण्याचा प्रोटॉन घेऊन पूर्णपणे अमोनियात बदलतो आणि हायड्रॉक्साइड तयार होतो.

दुसरी चूक शब्दांमुळे होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ‘तीव्र’ (पाण्यात जास्त विचरित होणारे) आणि ‘संहत’ (द्रावणात जास्त प्रमाणात असलेले) हे दोन वेगळे शब्द शिकलेली मुले अकरावीत इंग्रजीकडे वळली की दोन्हींसाठी ‘स्ट्राँग’ म्हणू लागतात. पाणी घालून आम्ल विरल केल्याने त्याचा पीकेए बदलत नाही, त्यामुळे संयुग्मी आम्लारीची तीव्रताही बदलत नाही.

१४ हा आकडाही तापमानाशी बांधलेला आहे. पुण्यात एप्रिलमध्ये द्रावणाचे तापमान ४० अंशांपर्यंत गेले, तर ही बेरीज सुमारे १३.५ होते.

सर्वांत जास्त काळजी बहुप्रोटॉनी, म्हणजे एकाहून अधिक प्रोटॉन देऊ शकणाऱ्या, आम्लांच्या बाबतीत घ्यावी लागते. कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लाउरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येनुसार, संयुग्मी जोडीत नेमका एकाच प्रोटॉनचा फरक असतो. म्हणून कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट ही जोडी नव्हे. कार्बोनिक आम्लाची जोडी बायकार्बोनेटशी आहे (पीकेए ६.३५) आणि बायकार्बोनेटची कार्बोनेटशी (पीकेए १०.३३). बायकार्बोनेट एका जोडीत आम्लारी आणि दुसऱ्या जोडीत आम्ल असतो, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. धुण्याच्या सोड्याच्या (सोडियम कार्बोनेटच्या) ०.१ मोलर द्रावणाचा सामू काढताना १४ मधून चुकून ६.३५ वजा केले, तर पीकेबी ७.६५ आणि सामू सुमारे ९.७ येतो; बरोबर जोडीचे १०.३३ वजा केले, तर पीकेबी ३.६७ आणि सामू सुमारे ११.६. या दोन उत्तरांतील हायड्रॉक्साइडचे प्रमाण जवळपास शंभरपटीने वेगळे आहे. गणित करण्यापूर्वी दोन्ही सूत्रे शेजारी-शेजारी लिहून हायड्रोजन मोजले, तर ही चूक तिथेच सापडते. खाण्याच्या सोड्यापेक्षा (सोडियम बायकार्बोनेटपेक्षा) धुण्याचा सोडा हाताला कितीतरी जास्त दाहक का लागतो, याचे कारणही याच दुसऱ्या जोडीत आहे.