अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर: शब्द कुठला आणि वेलांटी कुठली

आधी नक्की कोणाबद्दल लिहिताय ते ठरवा. सगळीकडे ‘दिव्यांग’ लिहा म्हणजे वाद नाही, हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण मग माणसाला दिसत नाही की ऐकू येत नाही हेच वाचणाऱ्याला कळत नाही. दिसत नसेल किंवा नावापुरतंच दिसत असेल तर अंध किंवा दृष्टिहीन, बऱ्यापैकी कमी दिसत असेल तर अल्पदृष्टी (2016 च्या दिव्यांग कायद्यातही हे दोन वेगळे प्रकार आहेत), ऐकू येत नसेल तर कर्णबधिर, दोन्ही असेल तर बधिरांध. माणूस समोर असेल तर तुम्हाला काय लिहू म्हणून त्यालाच विचारा.

आता वेलांटी. इथे मी स्वतः आपटलोय, ‘दृष्टीहीन’ असं ठळक छापलेली पत्रकं वाटून झाली आणि मग एकाने हळूच चूक दाखवली. मला वाटायचं दृष्टी दीर्घ म्हणजे सगळीकडे दीर्घ. तसं नाही. दृष्टी हा शब्द मुळात संस्कृतातला ऱ्हस्व, मराठीत तो एकटा आला किंवा शेवटी आला की दीर्घ होतो, म्हणून दृष्टी आणि अल्पदृष्टी. प्रत्यय लागला तरी दीर्घच, दृष्टीने, दृष्टीचा. पण समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: दृष्टिहीन, दृष्टिबाधित, दृष्टिदोष. म्हणजे ‘दृष्टीचा दोष’ पण ‘दृष्टिदोष’! गोंधळ झाला की ‘दृष्टिकोन’ आठवा, मी अजून तेच करतो. आणि मध्ये स्पेस देऊन ‘दृष्टी बाधित’ लिहून सुटका होत नाही, तो एकच शब्द आहे.

बधिरचं उलटं होतं. गरीब, गरिबाला याच्या चालीवर लोक ‘बधीर’ लिहितात, पण हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, धि कायम ऱ्हस्व.

‘मूकबधिर’ फक्त संस्थेच्या जुन्या नावात असेल तरच ठेवा. बहुतेक कर्णबधिरांचा आवाज शाबूत असतो, बोलणं कानावर न पडल्यामुळे ते शिकणं अवघड जातं एवढंच, आणि ज्यांना सांकेतिक भाषा येते ते तर तासन्‌तास गप्पा मारतात, त्यांना मूक कसं म्हणायचं?

ब्रेल ही सहा ठिपक्यांची लिपी आहे, भाषा नाही. सांकेतिक भाषा मात्र खरंच भाषा आहे, स्वतःचं व्याकरण असलेली (आणि ‘संकेतिक’ नाही, स ला काना).

शेवटी फाइलमध्ये ‘दृष्टीह’, ‘दृष्टीब’, ‘दृष्टीद’ आणि ‘बधीर’ सर्च करा. स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका.