सॉलिडवर्क्सची सामायिक असेंब्ली: बदलाचा हक्क कोणाकडे आणि किती वेळ

सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असेंब्ली, म्हणजे अनेक पार्ट जोडून केलेली रचना, ही एकच फाइल दिसत असली, तरी तिच्यात मुख्यतः कोणता पार्ट कुठल्या फोल्डरमधून आणायचा आणि तो कोणत्या मेट्सनी (पार्ट एकमेकांशी जुळवणाऱ्या अटींनी) कुठे बसवायचा याची नोंद असते. पार्ट स्वतः वेगळ्या फाइलींमध्येच राहतात. त्यामुळे सर्व्हरवरच्या फोल्डरमधून एखाद्याने असेंब्ली नेहमीच्या पद्धतीने उघडली, की तिच्यासोबत उघडणारे सगळे पार्ट आणि सब-असेंब्ली, आधी कोणाकडे उघडे नसतील तर, राइट ॲक्सेससह, म्हणजे बदल सेव्ह करण्याच्या हक्कासह, त्याच्याच ताब्यात जातात. चौघांच्या गटात 140 पार्टचे वेल्डिंग फिक्श्चर (वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवणारी रचना) एखाद्याने केवळ ब्रॅकेटच्या दोन होलमधले अंतर पाहण्यासाठी उघडले आणि तसेच उघडे ठेवून तो जेवायला गेला, तर उरलेल्या तिघांना त्यातली साधी पॅकिंग प्लेटही बदलता येत नाही.

म्हणून सामायिक असेंब्ली सर्वांनी रीड-ओन्ली, म्हणजे केवळ पाहण्यापुरती, उघडावी, आणि ज्या पार्टमध्ये बदल करायचा आहे, फक्त त्याचाच राइट ॲक्सेस ऐन बदलाच्या वेळी घ्यावा.

यासाठी ‘टूल्स’ मेनूतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन सिस्टिम ऑप्शन्सच्या ‘कोलॅबोरेशन’ पानावर ‘एनेबल मल्टी-यूझर एन्व्हायर्नमेंट’ सुरू करावे. त्याखालचा शॉर्टकट मेनूचा पर्यायही निवडावा, म्हणजे फीचर ट्रीमध्ये (स्क्रीनच्या कडेला दिसणाऱ्या पार्ट व फीचरच्या यादीत) पार्टवर राइट-क्लिक केल्यावर ‘मेक रीड-ओन्ली’ आणि ‘गेट राइट ॲक्सेस’ या आज्ञा दिसू लागतात. रीड-ओन्ली उघडलेल्या फाइली दुसऱ्या कोणी बदलल्या आहेत का, हे ठरावीक मिनिटांनी तपासण्याची सोय याच पानावर आहे. तीही सुरू ठेवावी. त्यानंतर ‘एक्स्टर्नल रेफरन्सेस’ पानावर ‘ओपन रेफरन्स्ड डॉक्युमेंट्स विथ रीड-ओन्ली ॲक्सेस’ निवडावे. त्याच्या शेजारचा, रीड-ओन्ली पार्ट सेव्ह करण्याबद्दल न विचारता बदल टाकून देणारा पर्याय मात्र मी बंदच ठेवतो. तो प्रश्न वारंवार येतो आणि त्रासही देतो, पण आपण नकळत दुसऱ्याच्या पार्टला हात लावला आहे हे बहुधा त्या प्रश्नामुळेच कळते. ही सगळी सेटिंग्ज असेंब्लीत नव्हे, तर प्रत्येकाच्या संगणकावर साठवली जातात. त्यामुळे ती एकदा नीट करून ‘कॉपी सेटिंग्ज विझार्ड’ने सर्वांकडे पोहोचवावीत.

आता प्रत्यक्ष बदल पाहू. ब्रॅकेटच्या होलमधले अंतर 60 मिमीवरून 65 मिमी करायचे आहे. आधी ब्रॅकेट ‘रीलोड’ करून डिस्कवरची ताजी प्रत आणावी, मग ‘गेट राइट ॲक्सेस’ घ्यावा, बदल करून सेव्ह करावे आणि लगेच ‘मेक रीड-ओन्ली’ करून पार्ट मोकळा करावा. इतरांनी आपापल्याकडे ‘रीलोड’ केले की त्यांना 65 दिसू लागेल.

गुंतागुंत पुढे आहे. बेस प्लेटवरची टॅपिंगची होल जर असेंब्लीतच, ब्रॅकेटच्या होलचा संदर्भ घेऊन काढलेली असतील, तर बदल करणाऱ्याच्या स्क्रीनवर तीही सरकतात आणि सगळे जुळलेले दिसते. पण बेस प्लेट रीड-ओन्ली असल्यामुळे तिचा बदल डिस्कवर जात नाही. संध्याकाळी दुसऱ्या कोणी ती प्लेट एकटीच उघडली, तर संदर्भातली असेंब्ली उघडी नसल्याने फीचरपुढे ‘->?’ अशी खूण दिसते आणि होलमधले अंतर 60 मिमीच राहते. त्यावरून ड्रॉइंग निघून मशीन शॉपमध्ये गेले की प्लेट भंगारात जाते. त्यामुळे राइट ॲक्सेस घेण्यापूर्वी ट्रीमध्ये ‘->’ ही बाह्य संदर्भाची खूण असलेले संबंधित पार्ट शोधावेत आणि त्या सर्वांचा ॲक्सेस एकत्र घ्यावा. डिझाइन मंजूर झाल्यावर बाह्य संदर्भांच्या यादीतून ‘लॉक ऑल’ करावे. तेव्हा खूण ‘->*’ होते आणि ब्रॅकेट हलला तरी प्लेट जागची हलत नाही. लॉक पुढे उघडता येते. त्याच यादीतले ‘ब्रेक ऑल’ मात्र परत जोडता येत नाही, म्हणून तो मोह टाळावा.

मेट्स असेंब्लीच्या फाइलमध्ये राहत असल्याने मुख्य असेंब्लीचा राइट ॲक्सेस एकाच व्यक्तीकडे असावा. बाकीच्यांनी आपापल्या सब-असेंब्ली सांभाळाव्यात, आणि मुख्य असेंब्लीत केवळ सब-असेंब्ली एकमेकींशी जुळवणारे मेट्स ठेवावेत.

इथपर्यंतची सगळी व्यवस्था सहकाऱ्यांच्या शिस्तीवर चालते. मुद्दाम किंवा चुकून केलेला बदल ती अडवत नाही. त्यासाठी सर्व्हरवर फोल्डरनिहाय परवानग्या लागतात. चालू कामाच्या फोल्डरवर डिझायनरांच्या गटाला ‘मॉडिफाय’, तर मंजूर झालेल्या फाइलींच्या आणि स्टँडर्ड पार्टच्या फोल्डरवर सर्वांना केवळ ‘रीड’ द्यावे. तिथे फाइल ठेवण्याचा अधिकार एका-दोघांनाच असावा. विंडोजमध्ये शेअरची परवानगी आणि ‘सिक्युरिटी’ टॅबवरची परवानगी अशा दोन्ही लागू होतात व त्यांतली कडक ती चालते, हे लक्षात न राहिल्यास एकीकडे ‘मॉडिफाय’ देऊनही सेव्ह का होत नाही याचा शोध घेण्यात सकाळ जाते. फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘रीड-ओन्ली’ चौकटीवर विसंबू नये. ज्याला फोल्डरमध्ये लिहिता येते, तो ती खूण काढूही शकतो.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरवर ही पद्धत वापरू नये, कारण तिथे प्रत्येकजण आपापल्या संगणकावरची प्रत उघडतो आणि दुसऱ्याने ती उघडली आहे हे सॉलिडवर्क्सला खात्रीने कळत नाही. वेगवेगळ्या शहरांतून काम चालत असेल, तर सॉलिडवर्क्स पीडीएम ही फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली घेणे योग्य. त्यात फाइल ‘चेक आउट’ केलेल्या एकाच व्यक्तीला बदल करता येतो, ‘चेक इन’ केल्यावर नवी आवृत्ती नोंदली जाते, आणि परवानगी फोल्डरबरोबरच फाइल कोणत्या टप्प्यावर आहे यानुसारही ठरवता येते.

शेवटी एक नेहमीची तक्रार: पार्ट कोणाकडेही उघडा नसताना तो रीड-ओन्लीच उघडतो. सॉलिडवर्क्स फाइल उघडताना तिच्याच फोल्डरमध्ये ‘~$’ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार करते आणि फाइल बंद होताना ती काढून टाकते, मधेच संगणक बंद पडला तर ती तशीच मागे राहते. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करून ती शोधावी, सर्व्हरवरच्या ‘ओपन फाइल्स’ यादीत तो पार्ट कोणाच्या नावावर नाही ना हे पाहावे, आणि मगच ती डिलीट करावी. मूळ पार्टचे नावही ‘~$’ सोडल्यास तेच असते, तेव्हा डिलीट दाबण्यापूर्वी नावाची पहिली दोन अक्षरे पुन्हा वाचावीत.