गिरगावात एक संध्याकाळ: काय खावं, काय पाहावं

माझं लहानपण ठाकुरद्वारच्या चाळीत गेलं. त्यामुळे कुणी गिरगाव दाखव म्हटलं की मी आधी बजावते, गाडी आणू नका. चर्नी रोडला लोकलने उतरा, नाहीतर आता गिरगावला मेट्रोही आहे. चारच्या सुमारास या आणि पोट रिकामं ठेवा.

सुरुवात फणसवाडीच्या विनय हेल्थ होममधल्या मिसळीने करा. दोघांत एकच घ्या, पुढे बरंच खायचंय. पणशीकरांकडचं पियुष मात्र वाटून घेऊ नका. श्रीखंडाचा दाटपणा, ताकाची हलकी आंबट चव आणि मागून येणारं जायफळ, यासाठी अख्खा पेला हवा.

मग खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांची चाळ. इथला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा. मूर्ती आजही लहानशी आणि विसर्जनाला पालखी. उंच मूर्तींच्या शहरात ही परंपरा टिकवणाऱ्या रहिवाशांचं मला फार कौतुक वाटतं.

तिथून जवळच खोताची वाडी. इथे घाई करू नका. लाकडी जिने घराच्या बाहेरून वर चढतात, ओट्यावर कुणी पेपर वाचत बसलेलं असतं, पुढच्या वळणावर क्रूस दिसतो. ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. घरांत माणसं राहतात, म्हणून आवाज खाली ठेवा, खिडकीत कॅमेरा घालू नका आणि ओट्यावर पाय ठेवण्याआधी विचारा. बंगले एकेक करून पडत चाललेत. उरलेत ते नीट डोळे भरून पाहा. वाडीतच आयडियल वेफर आहे, तिथून बटाट्याचे ताजे वेफर्स बांधून घ्या.

रात्रीचं गिरगाव म्हणजे माझ्यासाठी नाटक. केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात प्रयोग आहे का, ते पेपरात आधीच बघून ठेवा. नसेल तर रॉयल ऑपेरा हाऊसचा कार्यक्रम पाहा. 1993 मध्ये बंद पडलेली ही वास्तू 2016 मध्ये पुन्हा उघडली. तिकीट काढून आत बसा आणि दिवे मालवण्याआधी मान वर करून छत बघा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही 3 मे 1913 रोजी गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. ते थिएटर आता नाही.

शेवट चौपाटीवर. लोकमान्यांवर 1920 मध्ये इथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या पुतळ्यापाशी थोडं थांबा. भेळ खायची तर गाडीवाल्याला हिरवी चटणी जास्त घालायला सांगा. मग रस्ता ओलांडून न्यू कुल्फी सेंटर. तिथे कुल्फी कापून, तराजूत तोलून देतात. दोन-तीन स्वाद थोडे थोडे मागा, सीताफळाचा मोसम असेल तर ती पहिली. गर्दी असते, पण रांग भराभर सरकते. चर्नी रोड स्टेशन तिथून चालत जवळच आहे.