जुना बुश ठोकून काढण्याआधी

दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक मोटार कोल्हापुरात दसरा चौकात आली, की ज्यांच्या दारात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांचे हात शिवशिवायला लागतात. पुढच्या दसऱ्याला आपलीही गाडी रस्त्यावर हवी, असं वाटतं आणि इंजिन उघडलं जातं. पिस्टन, रिंगा, मेन बेअरिंग यांची काळजी सगळे घेतात. दुर्लक्ष होतं ते बोटभर लांबीच्या बुशांकडे, म्हणजे फिरणाऱ्या पिना-दांडे ज्यात बसतात त्या धातूच्या नळकांड्यांकडे. पुढची सगळी तयारी हे बुश बदलण्याची आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: तुमच्याकडे मॅन्युअल असो-नसो, आत बसलेला जुना बुश हेच त्या जागेचं ड्रॉइंग आहे. ते उतरवून घेतल्याशिवाय हातोडी उचलू नका.

आधी कोणत्या इंजिनात कुठे बुश आहेत ते पाहून घ्या. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) वरच्या टोकाला पिस्टन पिनचा बुश, रॉकरचे बुश, कॅमशाफ्टचे बुश, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे, स्टार्टरचे आणि क्रँकच्या मागच्या तोंडातला पायलट बुश. सगळ्या गाड्यांत सगळे सापडणार नाहीत. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात पिस्टन पिन रॉडमध्येच बोल्टने आवळलेली असते, तिथे बुश शोधत बसू नका.

आता ड्रॉइंग. प्रत्येक बुश काठापासून किती आत बसलाय ते व्हर्निअरच्या मागच्या दांडीने मोजा. लांबी, आतला व्यास आणि पत्रा गुंडाळून केलेला बुश असेल तर त्याचा सांधा कोणत्या बाजूला आहे, हे वहीत लिहा. तेलाचं भोक कुठे येतं त्याची रॉडवर मार्करने रेघ मारा आणि फोटो काढा. फोटोत रॉडचा नंबर दिसला पाहिजे. रॉड आणि त्याची कॅप यांची जोडी कधीच फुटू देऊ नका.

एवढं बजावून सांगतो त्याला कारण आहे. मी माझ्या गाडीचे चार रॉड एका वर्कशॉपमध्ये टाकले आणि संध्याकाळी माप घ्यायला येतो म्हणालो. गेलो तेव्हा चारही बुश निघून भंगाराच्या डब्यात गेले होते आणि नवे बसलेही होते. घरी वरच्या भोकात तेल सोडलं तर दोन रॉडमध्ये एक थेंबही आत उतरेना. बुशातलं तेलाचं भोक पाव फेरा सरकलं होतं. तशीच इंजिनात गेली असती तर पिन कोरडी फिरून जाम झाली असती. ते दोन बुश काढून पुन्हा नवे घालावे लागले. तेव्हापासून रॉड देताना मी स्वतः तिथे उभा राहतो.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. उद्यमनगरात गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश लेथवर करून मिळतो. पण रॉडच्या भोकाचं खरं माप जुना बुश निघाल्यावरच कळतं, म्हणून बाहेरचा व्यास आधीच अंतिम करून घेऊ नका. लांबी पुरी, आतून थोडा लहान आणि बाहेरून माल शिल्लक ठेवलेला बुश तयार ठेवा. मिस्त्रींची वेळ ठरवून घ्या, म्हणजे जुना काढला, भोक पुसलं, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजलं, की तिथल्या तिथे बाहेरचं माप उतरवता येईल. बुश घट्ट बसतो तेव्हा आतून आवळतो, म्हणून दाबल्यानंतर रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, फिरवावाच लागतो. आधीच पिनच्या मापाचा केलेला बुश दाबल्यावर पिन घेत नाही.

काढण्यासाठी पायरीचा ड्रिफ्ट, म्हणजे बुश ढकलायचा दांडा, करून घ्या: एक पायरी बुशाच्या आत सरकणारी, दुसरी बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान. पलीकडून बुश मावेल असा पाइपचा तुकडा टेकू म्हणून लावा. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, नट आणि जाड वॉशर यांनी ओढूनही तो सहज निघतो. रॉड व्हाइसमध्ये धरून हातोडीने ठोकणं मला अजिबात मान्य नाही. वाकलेला रॉड डोळ्यांना दिसत नाही. नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर थोडा आकसतो आणि सरळ आत जातो. त्याआधी तोंडाची धार मोडून घ्या.

पायलट बुश आंधळ्या भोकात असतो, पलीकडून ठोकता येत नाही. तिथे भोकात ग्रीस ठासून भरायचं, बुशात नेमका बसणारा दांडा घालायचा आणि वरून ठोके द्यायचे. ग्रीस बुशाच्या मागे दाब धरतं आणि तो बाहेर सरकतो. दांडा सैल असेल तर ग्रीस तोंडावर उडतं, म्हणून दांड्याचं माप आधी जमवा. नवा बुश बहुधा भुकटी दाबून, भाजून केलेल्या सच्छिद्र ब्राँझचा असतो. तो आदल्या दिवशी स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. त्याला पॉलिश पेपर लावू नका; छिद्रं बुजतात आणि आत अडकलेले कण शाफ्ट खातात.

रीमिंगला जाताना चारही पिना बरोबर न्या, प्रत्येकीला तिच्या रॉडचा नंबर बांधून. पातळ तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. वरचं भोक खालच्या मोठ्या भोकाला समांतर आहे ना, हे दोन्हीत मँड्रेल (मापाचा सरळ दांडा) घालून तपासून मागा. त्याचे पैसे वेगळे पडले तरी द्या.

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. २०१९ आणि २०२१च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता; रॉड पलीकडे एमआयडीसीत आणि आपण अलीकडे, अशी वेळ येऊ शकते. शिवाय त्या ओलीत उघड्या सिलिंडरला एका रात्रीत गंज धरतो. रॉड परत आले की रॉकेलने धुवा, तेलाच्या भोकातून तार फिरवा, तेल सोडून थेंब आत पडतो का ते पाहा आणि मग तेलाचा हात फिरवून प्रत्येक रॉड वेगळ्या पिशवीत बांधा. पिन जागेवर धरणाऱ्या सर्क्लिप नवीनच आणा, जुन्या पुन्हा घालू नका.