झाडं भरपूर, सावली कुठेय? नाशिकच्या रस्त्यांवर या चुका टाळा

मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास त्र्यंबक नाक्यावरून सातपूरकडे सायकल काढा, ऊन थेट डोळ्यांत येतं. गंगापूर रोडचीही तीच गत. दोन्ही रस्ते शहरातून पश्चिमेकडे जातात आणि सूर्य त्या वेळी समोरच उतरत असतो. अशा वेळी दुभाजकातली बोगनवेल कितीही फुललेली असो, चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

दरवर्षी पावसाळा लागला की रोपं लागतात, फोटो निघतात, आकडा जाहीर होतो. आकडा रोपांचा असतो. रस्त्यावरच्या माणसाला हवी असते मेमधल्या दुपारी तीनची सावली, तीही तो चालतो त्याच पट्टीवर. सोसायटी असो, गणेश मंडळ असो की सायकल ग्रुप, झाडं लावायला निघाल्यावर आधी एवढंच विचारावं: मेमध्ये दुपारी तीनला ही सावली नेमकी कुठे पडणार? खालच्या बहुतेक चुका हे न विचारल्यामुळेच होतात.

सावली भलत्याच अंगाला

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा भिंत, इमारत, होर्डिंग कशाचाच आडोसा मिळत नाही. वर पानांचं छत असेल तरच सावली. चारला सावली झाडाच्या उंचीहून थोडी लांब होते, पाचला जवळजवळ दुप्पट, आणि ती पूर्वेकडे पडते. झाड कुठे लावायचं याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उत्तर-दक्षिण रस्ता घ्या, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाक्यासारखा. पूर्वेकडच्या फुटपाथला सगळी दुपार पश्चिमेचं ऊन झोडपतं. तिथे झाड फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत हवं. तेच झाड कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावलं तर सावली मागच्या पार्किंगमध्ये जाते. मोटारी गार राहतात, माणसं तापतात. पश्चिमेकडच्या फुटपाथला उलट गणित. तिथे चारनंतर इमारतींचीच सावली मिळते आणि रस्त्याच्या कडेचं झाड डावीकडून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या कामी येतं.

पूर्व-पश्चिम रस्त्यावर इमारती मेमध्ये फारशी मदत करत नाहीत. सूर्य रस्त्याच्या रेषेतच चालत असतो. तिथे झाडांची अखंड रांग लागते, दोन झाडांची छत्रं एकमेकांना टेकतील इतक्या अंतरावर. रांगेतलं एक झाड गेलं की तेवढ्या टप्प्यात माणूस उन्हात. म्हणून गंगापूर रोडसारख्या रस्त्यावर मेलेल्या एका झाडाची जागा भरणं हे नव्या ठिकाणी दहा रोपं लावण्यापेक्षा मोलाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थर्मामीटर हवेत धरून निराश होणं

झाडाखाली आणि उन्हात हवेचं तापमान मोजलं तर फरक थोडाच दिसतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "एवढा खर्च यासाठी?" शरीराला जाणवणारा ताप नुसत्या हवेचा नसतो. वरून थेट ऊन येतं, खालून तापलेलं डांबर आणि बाजूची भिंत उष्णता फेकत असतात. सावलीतला पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतो. मोजायचंच असेल तर फुटपाथची फरशी मोजा, बसस्टॉपचा बाक मोजा.

फुलं बघून झाड निवडणं

बहावा मला प्रचंड आवडतो. पण एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबत असतात तेव्हा त्याच्यावर पान जवळजवळ नसतं. निलमोहर, टॅबेबुया, पांगारा, काटेसावर यांचीही पानं फुलण्याच्या दिवसांत गळलेली असतात, आणि ते दिवस नेमके उन्हाचे. बागेत, चौकाच्या कोपऱ्यात ही झाडं लावा की. फुटपाथची अख्खी रांग त्यांची करू नका. उंच खोटा अशोक आणि रॉयल पाम यांच्याबद्दल बोलायलाच नको. त्यांची सावली एखाद्या खांबाएवढी.

कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात आणि ऊन कडक होईपर्यंत पुन्हा हिरवे होतात. आपल्या फुटपाथसाठी हे दोघे सर्वांत भरवशाचे. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही दाट असते. शाळेसमोर, दवाखान्यासमोर उत्तम. ताम्हणही अरुंद जागेत चालतं. वड, पिंपळ, उंबर यांना ऐसपैस जागा द्या, दीड मीटरच्या फुटपाथवर त्यांना कोंबू नका. जांभळाखाली जूनमध्ये फरशी निसरडी होते, तेव्हा ते चालायच्या पट्टीवर नको. गुलमोहर आणि पेल्टोफोरमची फांदी वादळात लवकर मोडते, त्यांच्या खाली रिक्षा स्टँड किंवा बसस्टॉप नसावा. झटपट हिरवं दिसावं म्हणून मध्यंतरी सगळीकडे कोनोकार्पस लागला. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तो नकोच.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोप का मरतं?

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. पहिलं वर्ष रोप छान असतं, पुढच्या एप्रिलमध्ये काडी होते. लोक पाण्याला दोष देतात. बऱ्याचदा दोष खड्ड्यात असतो.

रस्त्याच्या कडेला वरची चार बोटं माती, खाली रस्त्याच्या कामाचं डबर, मुरूम, सिमेंटची ढेकळं. रोपाची मुळं पिशवीएवढ्या मातीतच गोल फिरत राहतात. लावण्याआधी खड्ड्यात एक बादली पाणी ओता. क्षणात गायब झालं तर खाली नुसतं डबर आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच साचून राहिलं तर खालचा थर दाबलेला आहे आणि मुळं कुजणार. दोन्ही वेळा उपाय तोच: निदान एक मीटर लांब, रुंद, खोल खणून डबर बाहेर काढा, चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. रोप सहा-आठ फुटांचं, खोड सरळ असलेलं घ्या. प्लास्टिकची पिशवी काढून लावा. हे सांगावं लागतं, कारण पिशवीसकट लावलेली रोपं उपटून निघालेली अनेकांनी पाहिली असतील.

पाणी किमान तीन उन्हाळे द्यावं लागतं. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळं भरून द्या, म्हणजे मुळं खाली जातात. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नका. ठिबक कसं चालतं हे नाशिकला शिकवायची गरज नाही. फुटपाथवरच्या वीस झाडांना एका सोसायटीच्या टाकीतून नळी टाकणं अवघड नाही, अवघड आहे ती नळी कुणी कापणार नाही हे बघणं.

छाटणी: वेळही चुकते, पद्धतही

द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी म्हणजे पुढच्या हंगामाची तयारी. रस्त्याच्या झाडावर एप्रिलमध्ये करवत चालवली तर मात्र त्या वर्षीची सावलीच गेली. पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून एप्रिल-मेमध्ये ट्रक येतो, वीजतारांच्या बाजूच्या फांद्या सपासप उतरवल्या जातात आणि महिनाभर खालचा भाजीवाला छत्री लावून बसतो. वाळलेली, कुजलेली, लोंबकळणारी फांदी तेव्हा काढावीच. हिरव्या फांद्यांची छाटणी पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी.

एका बाजूने सगळं कापलं की झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला, बहुधा रस्त्याकडे जातो. मग वळवाच्या वादळात ते पडलं की दोष झाडाला. एका वेळी छत्राच्या पाव भागापेक्षा जास्त कापू नये. फांदी खोडाला जिथे जुळते तिथे जाड कडं (कॉलर) असतं, त्याच्या बाहेरून कापावी. खुंट ठेवला तर तिथून कूज आत शिरते. शेंडा छाटून झाडाचं बोडकं करणं ही तर सर्वांत वाईट सवय. त्यातून जोमानं फुटणारे कोवळे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच मोडून पडतात.

फुटपाथवर डोक्यावर निदान २.२ मीटर मोकळी जागा लागते, बस जाते त्या कडेला त्याहून बरीच जास्त. ती उंची लहान वयातच, दरवर्षी एक-दोन खालच्या फांद्या काढत मिळवायची असते. तारांखाली मुळात उंच वाढणारं झाड लावूच नये, म्हणजे दरवर्षीची कत्तल टळते.

स्टॉप इथे, माणसं तिथे

नाशिकची शहर बससेवा सिटीलिंक ८ जुलै २०२१ ला सुरू झाली. दुपारी उन्हातल्या कुठल्याही स्टॉपवर लक्ष देऊन बघा: शेडमध्ये कुणी नाही आणि वीस पावलांवरच्या झाडाखाली सात-आठ जण. बस दिसली की सगळे धावतात, म्हाताऱ्या आजी मागे राहतात. याला लोकांची बेशिस्त म्हणणारे अधूनमधून भेटतात. पत्र्याचं छप्पर तापून खाली आग ओकत असतं आणि स्टॉपचं तोंड पश्चिमेला असेल तर चारनंतर ऊन छपराखालून थेट बाकावर येतं. माणसं बरोबर जागी उभी आहेत, स्टॉप चुकीच्या जागी आहे.

नवा स्टॉप ठरवताना आधी मोठं झाड शोधा आणि शेड त्याच्या पूर्वेला घ्या. झाड नसेल तर शेडच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य अंगाला लावा. मात्र बस ज्या बाजूने येते तिथे चालकाची आणि प्रवाशांची नजर अडणार नाही असं उंच खोडाचं. तोवर पश्चिमेच्या बाजूला शेडनेट बांधून घ्या. ग्रीनहाऊसचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ते मिळतं, आणि नव्या झाडाची सावली अंगावर यायला पाच-सात वर्षं लागतात.

सायकलींबाबत एक खटकणारी गोष्ट. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत २०१५ मध्ये पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ नाशिकचे, शहराला सायकलींचं प्रेम खरंच आहे. पण पहाटे पांडवलेणीकडे निघणाऱ्या हेल्मेटवाल्यांना सावली लागतच नाही. ती लागते दुपारच्या पाळीसाठी अंबडला निघालेल्या कामगाराला. सायकल मार्गावर झाडं कुठे हवीत हे ठरवताना त्याला विचारलं जात नाही.

फरशा उचलल्या, बुंधा आवळला

मुळांनी पेव्हर ब्लॉक उचलले की कंत्राटदार मुळं तोडून फरशी सपाट करतो. बुंध्याजवळची जाड मुळं तोडलेलं झाड उभं दिसतं, पण त्याचा आधार गेलेला असतो. त्याऐवजी तेवढ्या भागातले ब्लॉक काढून आळं मोठं करा, फुटपाथला हलका चढ द्या, चालायची पट्टी थोडी वळवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं; नाशिकमध्ये काम सुरू असताना हाच एक मीटर मागून घ्या. ओतून झाल्यावर कुणी फोडायला येत नाही. ट्री गार्डचंही तसंच: रोपाला वाचवणारी लोखंडी जाळी चार-पाच वर्षांनी खोडात रुतते. लावतानाच ती काढायची तारीख कुणाच्या तरी मोबाइलमध्ये टाका.

भरपाईची रोपं कुठे?

सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होतील तेव्हा हा प्रश्न वारंवार येणार आहे. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावणं बंधनकारक केलं. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं, कागदावर हिशेब चुकता. पण ती शहराबाहेरच्या टेकडीवर लागली तर त्या वडाखालून शाळेत जाणाऱ्या पोरांना काय मिळालं?

म्हणून झाडाला नोटीस चिकटलेली दिसली की हरकत लेखी आणि मुदतीत द्या, आणि तिच्यात फक्त "झाड वाचवा" लिहू नका. झाडाखालच्या स्टॉपचं नाव लिहा, दुपारी तीनचा सावलीचा फोटो जोडा, जवळच्या शाळेचा, दवाखान्याचा उल्लेख करा. रस्त्याची आखणी थोडी सरकवता येते का ते विचारा. झाड जाणारच असेल तर भरपाईची रोपं त्याच रस्त्यावर, चालायच्या पट्टीच्या पश्चिमेला लावा आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद कामाच्या निविदेतच धरा, अशी मागणी करा.