मालिकेच्या ऑडिशनचा व्हिडिओ घरच्या घरी

मराठी मालिकांची पहिली ऑडिशन आता बऱ्याचदा मोबाइलवरच होते. सीन रात्री येतो आणि व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवा असतो. कास्टिंगवाल्यांकडे ढिगाने व्हिडिओ येतात; चेहरा नीट दिसला नाही, आवाज पोचला नाही, तर अभिनय बघायला कुणी थांबत नाही.

आधी लेन्स पुसा. व्हिडिओ धुरकट येतो तो बऱ्याचदा बोटांच्या तेलकट डागांमुळे. उभा मागितला नसेल तर फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला; स्टँड नसेल तर कपाटाच्या फळीवर पुस्तकांच्या थप्पीला टेकवा. मागे कोरी भिंत, पण तिच्यापासून 2-3 फूट पुढे उभे राहा, नाहीतर सावली पडते. खिडकी समोर हवी. पंखा बंद.

ओळख वेगळी घ्या: नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात. 30 सेकंदांत आटपा. उंची वाढवून सांगू नका. लूक टेस्टला दुसऱ्या नटाशेजारी उभं केलं की उघडी पडते.

खरा घोटाळा होतो क्यू देणाऱ्यामुळे, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्यामुळे. तो फोनजवळ असतो, म्हणून त्याचाच आवाज मोठा येतो. त्याला हळू आणि सपाट वाचायला सांगा, लेन्सला अगदी खेटून उभं करा आणि त्याच्याकडे बघून बोला, लेन्समध्ये नाही. समजा, तो म्हणाला, “घर विकलंय मी.” तुमचं वाक्य एवढंच: “कधी?” पाठांतर करून आलेले हा ‘कधी’ त्याचं वाक्य संपायच्या आतच फेकतात. आधी ते कानात शिरू द्या. शेवटच्या वाक्यानंतरही 3 सेकंद त्याच भावात थांबा. मालिका प्रतिक्रियांच्या क्लोजअपवर चालते, आणि नेमका तेव्हाच आपला हात फोन बंद करायला जातो.

फाइलला नाव, वय, भूमिका असं नाव द्या. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन फुटतो. ड्राइव्हची लिंक सर्वांना उघडेल अशी करा.

ऑडिशनचे पैसे मागितले की तिथेच नमस्कार. होकार आला तर विचारा: शूटिंग गोरेगावला, घोडबंदरला की साताऱ्याला? महिन्याला किती दिवस? मानधन रोजावर असतं, शिफ्ट साधारण 12 तासांची आणि पैसे बहुधा 90 दिवसांनी, टीडीएस कापून. म्हणजे जूनच्या कामाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरला. तोवर मुंबईतलं भाडं कशातून भरायचं, ते होकार देण्याआधी ठरवा.